दगडावर लिहिलंय तेवढंच

सबनीस काकांकडे भारतातून कुणीही येवो, विमानतळावरून त्यांची गाडी घरी जात नसे. ती आधी सिमेटरीत जाई. दिवसभराच्या प्रवासाने पाय सुजलेले पाहुणे ओहायोच्या थंडीत शाली गुंडाळून एका थडग्यापुढे उभे राहत. घरी पोचल्यावर काकू सगळ्यांना आधी आंघोळीला पाठवत. मग चहा. नायगारा त्याच्याही नंतर.

थडगं टॉमचं. एकोणिसाव्या शतकातल्या इथल्या यादवी युद्धात माघार घेणाऱ्या पलटणीतून हा एकोणीस वर्षांचा शेतकऱ्याचा पोरगा दोनदा उलटा फिरला आणि गोळीबारातून दोन जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन आला. त्याला पदक मिळालं. हे सगळं दगडावर कोरलेलं होतं. काका ते घडाघडा म्हणत. एक अक्षर जास्त नाही. "पदरचं काही सांगायचं नाही," हा त्यांचा बाणा. कुणी विचारलं, "घोड्यावर होता का हो?" तर काका म्हणत, "दगडावर घोडा नाही."

"आमचं कुलदैवत बदललंय," काकू म्हणायच्या.

मी तेव्हा कोलंबसला पीएचडी करत होतो आणि दर रविवारी जवळच्याच डब्लिन गावी त्यांच्याकडे जेवायला जात असे. एका मार्चमध्ये नाशिकहून भावाची तार आली. आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि माझा थीसिस डिफेन्स, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, तीन आठवड्यांवर होता. मी न जायचं ठरवलं. काका शिस्तीचे, पाठ थोपटतील अशा भरवशावर मी त्यांना जेवताना तसं सांगितलं.

काकांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मीपण गेलो नव्हतो," ते म्हणाले. "ग्रीन कार्डचं चाललं होतं. म्हटलं, पेपर्स झाले की जाऊ. आई थांबली नाही."

काकू उगीचच पोळ्या गरम करायला उठल्या.

"डिफेन्स पोस्टपोन होतो. जेव, आणि बॅग भर. एअरपोर्टला मी ड्राइव्ह करतो."

आम्ही विद्यार्थी पोरं त्या थडग्यावरून काकांची किती टिंगल करायचो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी गेलो. आई बरी झाली. डिफेन्सही झाला, उशिरा, पण झाला. पुढच्या वर्षी आई अमेरिकेला आली, तेव्हा काकांनी सवयीने गाडी सिमेटरीकडे वळवली. टॉमची हकीकत मराठीत घडाघडा म्हणून दाखवली. आईला इंग्रजी येत नव्हतं. तिने कोरलेल्या अक्षरांवरून नुसता हात फिरवला.

"मग घरी येऊन आईला भेटला का हो हा?" तिने विचारलं.

आता काका काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. पण ते दगडाकडे बघत राहिले.

"भेटला," ते म्हणाले. "पदक तिच्या हातात दिलं. तिनं ते बाजूला ठेवलं आणि आधी त्याला जेवायला वाढलं."

तो दगड मी शंभरदा वाचला होता.

"बरं झालं," आई म्हणाली, आणि आम्ही तिघं आंघोळीला घरी गेलो.