पुढून मॅकड्रोकन, मागून इंचवर

माणूस जन्माला येतो तेव्हा त्याच्या अंगावर कपडा नसतो, आणि त्यामुळे तो नेमका कोण आहे हे कोणालाही सांगता येत नाही. ही निसर्गाची गंभीर चूक आहे. जगातल्या बहुतेक समाजांनी ती आपापल्या परीने दुरुस्त केली. पण स्कॉटलंडातल्या आमच्या बाल्नाकर्क गावाइतकी नीटनेटकी दुरुस्ती मी दुसरीकडे पाहिली नाही. इथे माणसाच्या कमरेला लोकरीची चौकडी गुंडाळली, की तो कोणत्या कुळातला, त्याच्या पूर्वजांनी कोणाची गुरं पळवली आणि आज चहाला त्याने कोणाशेजारी बसू नये, हे सगळं लांबूनच कळतं.

लांबून कळलं नाही तर जवळून कळावं, म्हणून टार्टन ओळख समिती आहे; टार्टन म्हणजे हीच कुळाची चौकडी. मी तिचा सभासद आहे. (गावात अर्धं आयुष्य काढूनही मला कुठलंच कुळ नसल्यामुळे तटस्थ सभासदाची जागा मला बिनविरोध मिळाली.) ऑगस्टातल्या कुळमेळाव्यात जे मिरवणुकीत चालणार त्यांची किल्ट, म्हणजे चौकडीचा चुणीदार पुरुषी घागरा, आधी समितीपुढे येते. हिरव्यानंतर निळा येतो की काळा, पिवळी रेघ किती दोऱ्यांची, हे पाहून दाखला मिळतो. एरवी समिती पाहुण्यांना कुळं शोधून देते. गेल्या हंगामात चारशे अकरा पाहुणे आले आणि चारशे अकरांनाही कुळ मिळालं. यात ओसाकाचे एक दंतवैद्य धरले आहेत, आणि आपण फक्त स्वच्छतागृह शोधतोय असं शेवटपर्यंत सांगणारे एक गृहस्थही.

हे शास्त्र कठीण आहे. उदाहरणार्थ, 'प्राचीन' रंग हे 'आधुनिक' रंगांच्या नंतर बाजारात आले. 'उन्हापावसात विटलेली' चौकडी दुकानात कोरीच मिळते, आणि तिला खरोखरच ऊनपाऊस लागला तर दुकानदार जबाबदार राहत नाही. शिकारीची चौकडी वेगळी असते. ती नेसून लोक बहुतेक वेळा बँकेत जातात. काही खवचट माणसं म्हणतात, की बऱ्याचशा चौकड्यांना कुळांची नावं दोनेकशे वर्षांपूर्वी कापडवाल्यांनीच चिकटवली आणि त्याआधी लोक मिळेल ते नेसत. समितीने या मताची गंभीर दखल घेतली असून त्या माणसांच्या किल्ट तपासायला मागवल्या आहेत.

अशा या निर्दोष कारभारात यंदा हेक्टर गिलरे आडवा आला.

हेक्टर जन्मभर खाडीवर होडी चालवायचा. गावात बॅगपाइप वाजवणारे पुष्कळ आहेत, पण ज्याचं वाजवणं ऐकून कुत्रीसुद्धा थांबतात असा तो एकटाच. त्याची बायको एफी मॅकड्रोकनांची लेक. गिलरे हेही मॅकड्रोकनांचंच उपकुळ धरतात. लग्न झाल्यापासून दर मेळाव्यात हेक्टर मॅकड्रोकनांच्या पुढे वाजवत चालायचा आणि एफी त्याच्या डाव्या हाताला. यंदा डॉक्टरने सांगितलं, की फुप्फुसं आता हा एवढाच उन्हाळा साथ देतील, पुढच्या वर्षी बॅगपाइप खाली ठेवायचा. तेव्हा हेक्टरला एकच गोष्ट हवी होती: शेवटचं वाजवायचं ते एफी शेजारी असताना.

त्याच्या जुन्या किल्टला कसर लागली होती. खराब भाग काढून एफीने तेच कापड शेजारगावच्या शिंप्याकडून नव्याने शिवून आणलं. शिंपी पलटणीतला. पलटणीत चुण्या अशा घालतात, की प्रत्येक चुणीवर एकच रेघ वर यावी. त्याने मोठ्या मायेने पांढरी रेघ निवडली. झालं असं, की पुढचा सपाट भाग पाहिला तर मॅकड्रोकनांची हिरवी-निळी चौकडी, तिच्यात क्वचित एखादी पांढरी रेघ. आणि मागे पाहावं तर पांढऱ्याच पांढऱ्या रेघा. आणि दाट पांढऱ्या रेघा असतात इंचवरांच्या.

इंचवरांनी चार शतकांपूर्वी मॅकड्रोकनांच्या चाळीस गाई पळवल्या. (मॅकड्रोकन नव्वद म्हणतात. इंचवरांच्या मते गाई आपण होऊन आल्या.) तेव्हापासून इंचवर मैदानाच्या उत्तरेला जमतात आणि मॅकड्रोकन दक्षिणेला.

समितीने किल्ट पुढून तपासली आणि हेक्टर दाखला खिशात घालून निघालाच होता, तेवढ्यात आमचे अध्यक्ष ड्यूअरसाहेब ओरडले, "थांबा! जरा तसेच उभे राहा बरं. अरे देवा. मागून तुम्ही इंचवर आहात."

"अहो, मागून मी म्हातारा आहे," हेक्टर म्हणाला. "कापड एकच आहे. शिंप्याने चुण्या तशा घातल्यात. उलगडून बघा हवं तर."

"उलगडली की ती किल्ट राहत नाही, नुसतं कापड होतं. आणि मिरवणुकीत कापड चालत नाही."

"चाळीस वर्षांहून जास्त संसार केलाय मी याच्याशी," एफी दारातून म्हणाली. "हा मागून कसा दिसतो ते तुम्ही मला शिकवू नका, ड्यूअर!"

समितीने प्रश्न भावनेवर न सोडता तर्काने सोडवला. वाजवणारा सगळ्यांच्या पुढे चालतो. म्हणजे सगळं कुळ त्याच्या मागून चालतं. म्हणजे मॅकड्रोकनांनी गावभर शत्रूच्या चुण्या बघत चालायचं. पुढून त्याला बघणार मंडपातले सोळा प्रतिष्ठित, त्यातले निम्मे डुलक्या घेत असतात. तेव्हा माणसाची मागची बाजू हीच त्याची लोकमान्य बाजू होय. ठराव मताला टाकला. मी तटस्थ असल्यामुळे बहुमताबरोबर गेलो. हेक्टरने इंचवरांबरोबर चालावं, एफीने मॅकड्रोकनांबरोबर; दोन कुळांच्या माणसांनी एका रांगेत चालण्याची सोय नाही.

निर्णय घरी पोचवायचं काम तटस्थ सभासदाचं. मी गेलो तेव्हा एफी ओव्हनमधून मटणाचं पॅटिस काढत होती. तिने ऐकून घेतलं आणि ताट हेक्टरच्या पुढून उचललं.

"इंचवराला या घरात जेवण नाही. आधी आमच्या गाई आण."

"चाळीस की नव्वद?" हेक्टरने विचारलं.

"नव्वद. आणि त्यांची वासरंही."

दोघंही खूप हसले. मग तिने ताट परत ठेवलं, पण हेक्टर जेवला नाही. फडकं घेऊन बॅगपाइपच्या नळ्या पुसत बसला. पुसून झालेल्या परत पुसत होता. एफी खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाईट वाटलं. समितीच्या नियमांत सभासदाला वाईट वाटण्याची तरतूद नाही, तरी वाटलं.

दुसऱ्या दिवशी मॅकड्रोकनांच्या लक्षात आलं, की आपल्याकडे आता वाजवणाराच नाही. त्यांचा प्रमुख धावत समितीकडे आला आणि म्हणाला, "फेरतपासणी करा. जरा पुढून करा." त्याच्या मागोमाग इंचवरांचा प्रमुख आला. कालपर्यंत त्याने हेक्टरला नमस्कारही केला नव्हता. "आमचा माणूस आहे तो! इतकी वर्षं तुम्ही दडवून ठेवलात, गाईंसारखाच!" असं म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "गाई आमच्याच होत्या," मॅकड्रोकन म्हणाला. मग खुर्च्या सरकल्या. शेवटी समितीने तोडगा काढला: चढावर हेक्टर मॅकड्रोकनांचा, उतारावर इंचवरांचा आणि पुलावर कोणाचाच नाही. दोन्ही प्रमुखांनी सह्या केल्या. हेक्टरला विचारायचं राहून गेलं.

मेळाव्याच्या दिवशी मिरवणूक निघायची वेळ झाली आणि हेक्टर कुठेच दिसेना. तो रस्त्याच्या कडेला, पॅटिसच्या टपरीजवळ, एफीचा हात धरून उभा होता. त्याने करड्या रंगाची साधी पँट घातली होती. पँटवाल्याला मिरवणुकीत चालता येत नाही. पण रस्त्याच्या कडेला वाजवू नये असा नियम समितीला कधी सुचला नव्हता. त्याने बॅगपाइपची पिशवी काखेत घेतली, एफी त्याच्या डाव्या बाजूला सरकली, आणि तो वाजवू लागला.

ड्यूअरसाहेब लगबगीने गेले. "पँटीत? हे कोणाच्या वतीने चाललंय?"

"माझ्या," एफी म्हणाली. "आता सरका. ऐकू द्या."

दक्षिणेकडून मॅकड्रोकन आणि उत्तरेकडून इंचवर त्याच सुरावर पावलं टाकत निघाले, दोघंही सूर आपलाच समजून. हेक्टरला दम लागत होता. धून संपेपर्यंत तो थांबला नाही. मग त्याने बॅगपाइप एफीच्या हातात दिला आणि टपरीच्या बाकावर बसला. तो परत कधी वाजवणार नाही हे माहीत असलेली माणसं तिथे तिघंच होती, आणि त्यांतला एक तटस्थ होता. त्याला नाक पुसायला रुमाल सापडेना.

समितीने त्याच संध्याकाळी तातडीची बैठक घेऊन पँट तपासली. एकाच रंगाच्या दोऱ्यांची, रेघ नसलेली ही चौकडी अतिप्राचीन असल्याचं निष्पन्न झालं. तिला कुळ देण्याचं काम चालू आहे. सात पाहुण्यांनी आपले पूर्वज याच कुळातले असल्याचं सांगून आगाऊ मागणीही नोंदवली.

तुम्हाला हे वाचून हसू आलं असेल. कमरेच्या कापडावरून माणूस ठरवणारी काय ही माणसं, असं म्हणाला असाल. म्हणा. पण हा स्कॉटलंडात जाऊन बसलेला, मराठीत लिहिणारा इसम मूळचा कुठला आणि त्याचं आडनाव काय, हे तुम्ही मघापासून मनातल्या मनात चाचपून बघताय ना? मी सांगणार नाही. सांगितलं, की तुम्ही "अच्छा, म्हणजे त्यांच्यातले होय!" म्हणून मान हलवाल आणि मला पुरता ओळखल्यासारखे निश्चिंत व्हाल. आमच्या समितीला निदान कापड तरी तपासावं लागतं.