तुळशीची भूक

दुरुस्तीचा इंजिनिअर आला, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत त्याने टाच आपटून पाहिली, आणि ऐकू आलेला आवाज काही बरा नाही अशा चेहऱ्याने म्हणाला, "कुंड्या काढा. मातीचं ओझं ही गॅलरी सोसायची नाही."

लालबागच्या त्या चाळीत ओझी पुष्कळ होती. पाण्याची पिंपं होती, शिवणयंत्रं होती, आणि गिरण्या बंद पडल्यापासून कठड्याला रेलून राहिलेले पुरुष होते. इंजिनिअरला त्यातलं फक्त मातीचं दिसलं.

कुशाबा परब मात्र आपल्या कुंडीपुढे जाऊन उभा राहिला. त्याच्या दारात तुळस होती. संपाच्या वर्षी तो गावी जाऊन बसला होता, आणि परतताना आईच्या अंगणातलं बोटभर रोप ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला होता. पुढे संप काही मिटला नाही, गिरणीचा भोंगा वाजला नाही, कुशाबा सूत काती त्या रिंग खात्यात कबुतरं उडाली. रोपाने मात्र मूळ धरलं. तेव्हापासून चाळीचं तुळशीचं लग्न कुशाबाच्या दारात लागायचं. आता तो कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर दिवसभर पहारा करी, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना 'साहेब' म्हणे. वर्षातून एक संध्याकाळ काय ती अशी यायची, की चाळ म्हणायची, "कुशाबा, सांग, कसं करायचं?" तुळस गेली की तो मान जिन्याकडच्या नानाच्या दारात जाणार, हे उघड होतं. नानाकडेही तुळस होती, ती जिन्याच्या दगडी लादीवर, आणि नाना वाट पाहण्यात पटाईत होता.

तोडगा काढला सुनेने. मृणालिनी दादरची, बँकेत नोकरीला, बोलणं इस्त्री केल्यासारखं. तिने कुठल्याशा दुकानातून नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या विटा आणल्या. "बाबा, हे मातीपेक्षा कितीतरी हलकं. पाण्यात भिजवलं की फुगतं. एक वीट एका कुंडीला पुरते."

एवढ्याशा विटेचा आकार पाहून कुशाबाला सुनेची कीव आली. पहाटे पाणी आलं तसं, सून उठायच्या आत, त्याने होत्या तेवढ्या सगळ्या विटा आंघोळीच्या पिंपात टाकल्या. विटांनी पाणी पिऊन घेतलं आणि त्या वर येऊ लागल्या. पिंप भरलं, बादल्या भरल्या, घमेलं भरलं, परात भरली. गंगुबाई मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. "अहो, ह्या काय? नारळाचो डोंगर कित्याक केलास घरात?"

"कोकणातली वस्तू आसा गो. उदार असतलीच," कुशाबा म्हणाला, आणि भुसा घरोघर वाटून आला. नानालाही त्याने टोपलीभर दिला. चाळभरच्या तुळशी, मोगरे आणि ओव्याची झाडं माती सोडून भुश्यात राहायला गेली.

थोड्याच दिवसांत कुशाबाच्या तुळशीची खालची पानं पिवळी पडली.

त्याला उपाय ठाऊक होता. रिंग खात्यात सूत तुटायला लागलं की हवेत ओल कमी पडली असं समजायचं आणि पाण्याचे फवारे वाढवायचे. उभ्या आयुष्यात कुशाबाने हेच औषध पाहिलं होतं. त्याने तांब्याची कळशी केली, कळशीची बादली केली. पाणी वरून घातलं की खालून निथळून जाई, आणि तुळस उद्याच्यापेक्षा आज बरी दिसे.

"बाबा," मृणालिनी म्हणाली, "ह्या भुश्यात जेवण नसतं. तो नुसती ओल धरतो. नुसतंच पाणी ओतलं तर होतं नव्हतं तेही धुऊन जातं. खत थोडं थोडं पाण्यातूनच द्यायला हवं, आणि नेमाने." तिने निळ्या पुडीतली पावडर आणली होती.

कुशाबाने पुडीचा वास घेतला आणि ती कठड्यावर ठेवून दिली. "तुळशीक औषध? ती काय कोबी आसा? देवाची बायको ती. तिका तीर्थ पुरे."

तीर्थ काही पुरेना. वरची पानंही माना टाकू लागली. जिन्याकडून नाना रोज चक्कर मारून जाई, झाडाकडे बघून हळूच जीभ चुकचुकवी आणि विचारी, "मग कुशा, यंदा मंडप खंय घालूया?"

शेवटी एका रविवारी कुशाबाने गावची रीत धरली. आंघोळ करून, नारळ पुढे ठेवून तो तुळशीसमोर उभा राहिला. शेजारचे गोळा झाले. त्याने हात जोडून गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गॅलरी म्हणाली.

"गिरण बंद पडली, तेव्हा तुझ्याकडे काय मागूक नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"ही तुळस तेवढी लग्नापर्यंत उभी ऱ्हवांदे. तिचा लगीन लागीसर मी मासळीक तोंड लावूचंय नाय!"

ह्यावर 'व्हय म्हाराजा' यायला जरा वेळ लागला. मालवणी माणसाने मासळी सोडायची, तीही गणपती विसर्जन होऊन बांगडा भरात आलेला असताना, म्हणजे गाऱ्हाणं नव्हे, ते संन्यासच. नानाने डोक्यावरची टोपी काढली.

दुसऱ्या दिवसापासून कुशाबा सोलकढी-भातावर आला. घरात मासे शिजत होतेच. तो काही बोलायच्या आत गंगुबाईने सांगून टाकलं, "नवस तुमचो. पोरांनी काय घोडा मारल्यानी?"

आणि खरोखरच नवल घडलं. तुळशीच्या शेंड्याला तांबूस-हिरवी पालवी फुटली. मग फांद्यांच्या बेचक्यांतून फुटली. पानं तळहातावर ठेवावीत अशी रुंद झाली, मंजिऱ्या डोलू लागल्या. चाळीतली माणसं कामावर जाता-जाता वाकून नमस्कार करू लागली, आणि तो नमस्कार नेमका तुळशीला आहे की कुशाबाला, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. गंगुबाई धान्य निवडताना गुणगुणायची:

तुळस गं माझी बाई, दारात उभी मूक,
कोण घाली तिला पाणी, कोण जाणे तिची भूक.

कुशाबाला वाटायचं, बाई आपल्यावर ओव्या रचू लागली. तो मान खाली घालून कढी प्यायचा.

फक्त दोन गोष्टी त्याला समजत नव्हत्या. पहिली, मांजरं. चाळीतली यच्चयावत मांजरं तुळशीभोवती येऊन बसू लागली. डोळे मिटून, पाय मुडपून, कुणी कुंडीखालच्या ताटलीशी तोंड नेऊन. "बघा," पहिल्या खोलीतली म्हातारी म्हणाली, "मुक्या जनावरांकसुद्धा कळता." दुसरी गोष्ट त्याने खाजगीत नानाला सांगितली.

"नाना, कुणाक सांगू नको. सकाळी पाणी घालूक वाकलंय की तुळशीकडसून बांगड्याचो वास येता."

नानाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तो तुळशीचो नाय रे. तुझ्या मनातलो बांगडो तो. मोह म्हणतत त्याका. घट्ट ऱ्हव."

कुशाबा घट्ट राहिला. वास कधी बांगड्याचा येई, कधी सौंदाळ्याचा, आणि एकदा तर इतका स्पष्ट कोलंबीचा आला की त्याने डोळ्यांना पदर नव्हता म्हणून टॉवेल लावला. आपल्या मोहालासुद्धा बाजारभाव कळतो, ह्याचं त्याला आश्चर्य वाटलं. त्या दिवशी घरात कोलंबीच होती.

द्वादशीला लग्न लागलं. ऊस उभे केले, चिंचा-आवळे वाहिले, अंतरपाट धरला, भटजींनी मंगलाष्टकं म्हटली. तुळस इतकी भरली होती की बाळकृष्णाला तिच्यापुढे उभं करायला फांद्या बाजूला कराव्या लागल्या. मांजरं मुलाकडच्या माणसांसारखी पुढच्या रांगेत बसली. "कुशाबा, आता काय करायचं?" असं सगळ्यांनी सारखं विचारलं, आणि कुशाबाने सगळ्यांना सांगितलं. नाना अक्षता टाकून गुपचूप आपल्या दाराकडे गेला. तिथे त्याच्या भुश्यात नुसत्या काटक्या उभ्या होत्या.

दुसरा दिवस रविवार. नवस फिटला होता, सुट्टी होती. दुपारी गुणवंती कोळीण कफ परेडच्या मच्छीमार नगरातून पाटी घेऊन नेहमीसारखी दारात येऊन बसली. कुशाबा आधीच पाट टाकून तिची वाट बघत होता.

"अगो बाय, आज दादा घरात!" गुणवंती म्हणाली. "सुटला का उपास? घे, बांगडं बघ, डोलं कसं लखलखतान."

बांगडे घेतले. गुणवंतीने तिथेच कापून दिले, गंगुबाईने टोपात धुतले. लालसर, खवल्यांनी चमचमणारं पाणी टोपात उरलं. गंगुबाईने ते दुसऱ्या बादलीतल्या पाण्यात ओतलं, हाताने ढवळलं, बादली उचलली आणि सवयीने, नवरा समोर बसला आहे हे पार विसरून, तुळशीच्या बुंध्याशी हळूहळू सोडायला लागली. ताटलीत थेंब पडले, तसं पहिलं मांजर आलं.

कुशाबा बघत राहिला. रिंग खात्यात पट्टा सुटल्यावर सगळे साचे एकदम थांबायचे, तशी ती दुपार थांबली.

"गंगू," तो म्हणाला, "ह्या कधीपासून?"

गंगुबाईने बादली खाली ठेवली. उत्तर गुणवंतीने दिलं. "तू सोडलास ना दादा, तवापासून. झाड मरायला टेकलं होतं रं. सूनबाय बोलली, याला जेवण पायजे. तू पुडी घालू देईनास. मी बोलले, आमच्या दारची तुलस ह्याच पाण्यावर वाढलीय. देवाची बायको झाली तरी पोट हाय ना तिला!"

"म्हणजे मी उपाशी," कुशाबा सावकाश म्हणाला, "आणि ती..."

"तुमचो वाटो तिना खाल्ल्यान," गंगुबाई म्हणाली. "वाया काय गेलो नाय."

"अगो, पण काल मंगलाष्टकं झाली! मासळीच्या पाण्यावर! देव काय म्हणतलो?"

गंगुबाईने पदराला हात पुसले. "देवाचो पयलो अवतार खंयचो?"

कुशाबा बोटांवर अवतार मोजू लागला.

"मासो," गंगुबाईच म्हणाली. "मग ता पाणी काय परक्याचा? तिच्या सासरचाच ता."

दारामागे मृणालिनी खोकली, की हसली, ते कळलं नाही. कुशाबाने तुळशीकडे पाहिलं. तुळस चांगली जेवून उठलेल्या सवाष्णीसारखी तृप्त दिसत होती. त्याला तिचा राग येईना. बुंध्याशी बोट घालून त्याने भुसा चाचपला, बोट नाकाशी नेलं. बांगडाच. मोह बिचारा उगाच बदनाम झाला होता.

"सूनबाई," त्याने विचारलं, "हे असं जेवण कधी कधी घालायचं?"

"थोडं थोडं, बाबा. पण नेमाने," आतून उत्तर आलं. "भुश्यात साठून राहत नाही ना काही."

"नेमाने," कुशाबा म्हणाला. "मग खंड पडता नये."

इतक्यात जिन्याकडून नाना आला. त्याच्या हातात ती काटक्यांची कुंडी होती. मंडपाबद्दल त्याने काही विचारलं नाही.

"कुशा," तो पडेल आवाजात म्हणाला, "बुंधो अजून हिरवो आसा, नखान खरवडून बघलंय. तुझो तो नवस... माका जमात काय रे?"

गंगुबाईने टोप झाकला. गुणवंतीने पाटीवरचं ओलं फडकं नाकापर्यंत ओढलं.

"मासे सोडशील?" कुशाबाने विचारलं.

"सोडीन."

"पालवी फुटेपर्यंत?"

"फुटेपर्यंत."

कुशाबाने नानाच्या हातातली कुंडी घेतली आणि आपल्या तुळशीच्या शेजारी, मांजरांना किंचित सरकवून, नीट ठेवली.

"मग आजपासून सोड," तो म्हणाला. "पाण्याचा मी बघतंय."

नाना डोळे पुसत गेला. तो जिन्यापलीकडे दिसेनासा होईपर्यंत कुशाबा थांबला, आणि मग पाटाकडे वळून म्हणाला, "गुणवंतीबाय, उद्यापासून आमचो वाटो जरा वाढव. दोन तुळशी झाल्या."