हातात आलेलं स्टिअरिंग

दातांच्या डॉक्टरीणबाई रविवारी सकाळी गॅरेजात शिरल्या, तर सासूबाई आधीच गाडीत पुढच्या सीटवर विणकाम घेऊन बसलेल्या.

"इथे गार वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "या भंगाराचा तेवढाच उपयोग."

गाडी डॉक्टरीणबाईंच्या वडिलांची. लांब नाकाची, दोनच दारांची, दांडग्या इंजिनाची जुनी मसल कार. वडील गेल्यावर बाईंनी ती घरी आणली आणि दर रविवारी एकेक भाग दुरुस्त करायला घेतला. सध्या पाळी होती स्टिअरिंगच्या खांबाची. गिअरचा दांडाही त्याच खांबावर, तो सुटा काढून ठेवलेला. ब्रेकची पाळी पुढच्या महिन्यात. तोवर गाडी चाकांखालच्या दोन दगडांच्या भरवशावर उभी होती.

बाईंनी बॅटरी जोडली आणि हॉर्न सुरू झाला. थांबेचना.

"अगं, बंद कर ते!" सासूबाई ओरडल्या.

"स्प्रिंग अडकलीये, आई! एक मिनिट!"

बाईंनी स्टिअरिंग उपसून काढलं, दातातली फट साफ करायच्या आकड्याने आतली स्प्रिंग सरळ केली आणि स्टिअरिंग नुसतंच परत टेकवलं. हॉर्न गप्प. आता वरचा नट तेवढा आवळायचा होता. तो मागच्या अंगणात रॉकेलमध्ये भिजत पडला होता. बाई तो आणायला गेल्या.

तेवढ्यात नवरोबा आले. स्टिअरिंग जागच्या जागी बघून त्यांना भरून आलं.

"झालं की हिचं काम! आई, जरा उजेडात घेऊ या गाडी. तिला बरं वाटेल."

बायकोला बरं वाटावं म्हणून त्यांनी दोन्ही दगड काढले आणि चालकाच्या जागी बसले. गॅरेजची फरशी रस्त्याकडे उतरती. गाडी हळूच निघाली.

"छान चालते रे," सासूबाई म्हणाल्या.

नवरोबांनी ब्रेक दाबला. पाय थेट तळाला टेकला. मग त्यांनी स्टिअरिंग ओढलं, आणि ते अख्खं हातात आलं.

"डावीकडे घे! डावीकडे!"

नवरोबांनी हवेतल्या हवेत ते जीव खाऊन डावीकडे फिरवलं. गाडी नाकासमोर सरळ गेली, रस्ता ओलांडून समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या कुंपणात घुसली आणि दाट मेंदीच्या झुडपात अलगद थांबली. त्या झुडपांना कात्री लावायलाही मुख्याध्यापिकाबाई कुणाला हात लावू देत नसत.

डॉक्टरीणबाई हातात नट घेऊन धावत आल्या. "आई! लागलं का कुठे?"

"मला काय होतंय? तुझ्या नवऱ्याला बघ. अजून वळवतोय."

नवरोबांच्या हातातलं स्टिअरिंग काढून घेताना बाईंना रडू आलं आणि हसूही आलं. वडिलांच्या गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. झुडपाचे हात जोडून आभार मानावेत, असं त्यांना वाटलं. इतक्यात फाटक करकरलं. मुख्याध्यापिकाबाई चष्मा पुसत येत होत्या.

"बाई, माफ करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळी झुडपं मी नव्याने लावून देते."

मुख्याध्यापिकाबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवरून हात फिरवला.

"रोज खिडकीतून बघते हिला," त्या हळूच म्हणाल्या. "बरं झालं, स्वतःच आली. नाहीतर बघायला येऊ का म्हणून विचारायचं कसं? मी... जरा बसू का आत?"

डॉक्टरीणबाईंनी दार उघडायला हात पुढे केला, तर सासूबाईंनी ते आतूनच घट्ट धरून ठेवलं.

"बसा ना, खुशाल बसा," सासूबाई म्हणाल्या. "पण त्या बाजूने चढा आणि मागे बसा. आमच्या गाडीत पुढची जागा माझी आहे."