लग्न खरं कशावरून

मनकर्णाच्या व्हिसाच्या अर्जावर न्यूझीलंडहून पत्र आलं. त्यात एकच विचारणा होती : हे लग्न खरं कशावरून?

आष्टी तालुक्यातल्या त्यांच्या गावात अकरा वर्षं हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. नवरा सुग्रीव सहकारी साखर कारखान्यात होता. दुष्काळात ऊस गेला, कारखान्याचा बॉयलर पेटेना, तेव्हा तो घर आणि दावणीची म्हैस मनकर्णावर सोपवून न्यूझीलंडमधल्या एका गोठ्यावर धारा काढायला गेला. त्याला दोन वर्षं झाली. मनकर्णा इकडे गावच्या दूध सोसायटीत दुधातलं फॅट तपासायची, म्हशीचं सहाच्या वर, गाईचं जेमतेम साडेतीन. आता तिला तिकडे जायचं, तर प्रेमाची कागदपत्रं हवी होती. आणि होतं काय, तर लग्नातला एक फोटो. त्यात सुग्रीवच्या तोंडावर मुंडावळ्या आणि मनकर्णाचा पदर नाकापर्यंत. मोबाइलवरचे मेसेज काढले, तर ‘टँकर आला का’, ‘न्हाई आला’, ‘पेंड संपली’, ‘पेंड आणली’ याखेरीज काही नव्हतं.

बीडच्या एजंटानं ते वाचून कपाळाला हात लावला आणि प्रेमाचे बारा मेसेज स्वतःच लिहून दिले. सुग्रीवनं ते रोज एक असे इमानदारीनं पाठवले. ‘तुझ्या आठवणीत माझं हृदय चंद्रासारखं वितळतं’ हा आला, तेव्हा मनकर्णानं घाबरून फोन केला आणि ताप आहे का म्हणून विचारलं.

ते मेसेज अर्जाला जोडले. महिन्यानं दुसरं पत्र आलं. बीडकडच्याच आणखी तीन नवऱ्यांचं हृदय त्याच आठवड्यात, त्याच शब्दांत वितळलं होतं. आता अधिकारी बाई दोघांशी व्हिडिओवर स्वतः बोलणार होत्या. खोटेपणा दिसला तर अर्ज बाद. एजंटानं फोन उचलणं बंद केलं.

सोसायटीच्या अध्यक्षा वत्सलाबाईंनी ऑफिसातला कॉम्प्युटर दिला आणि दार ओढून घेतलं. पडद्यावर अधिकारी बाई, पुण्याची एक दुभाषी आणि गमबूट घातलेला सुग्रीव. मनकर्णानं आधीच सांगून टाकलं, की ते मेसेज एजंटाचे होते. बाईंनी लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळेना. मग त्यांनी विचारलं, इकडे यायचं म्हणून घरचं काय काय आवरलंत?

“म्हैस इकली,” मनकर्णा बोलून गेली.

सुग्रीव खुर्चीत पुढे सरकला. “कवा?”

“आखाडात.”

“चार महिने झाले. मला कावून न्हाई सांगितलं? रोज इचारतोय मी.”

“काय सांगू? चारा छावणी बंद झाली. दोन हंडे पाणी, त्यात ती अन् मी. तुमाला कळलं असतं तर तुमी तिथं घास खाल्ला नसता. म्हून पेंड संपली, पेंड आणली, असं लिहीत ऱ्हायले.”

मग दोघांचं जुंपलं. कुणाला विकली, तिथं सावली आहे का, जाताना तिनं मागं वळून पाहिलं का. दुभाषी ‘आखाडा’वर अडखळली, ‘कावून’ला थांबली आणि पुढे तिनं नादच सोडला. सुग्रीव डोळे पुसत भांडत होता, मनकर्णा नाक ओढत उत्तरं देत होती.

अधिकारी बाईंनी हळूच विचारलं, काय चाललंय?

“तिनं म्हैस विकली,” दुभाषी म्हणाली, “आणि तो उपाशी राहील म्हणून त्याला चार महिने सांगितलं नाही.”

बाईंनी चष्मा काढून ठेवला. माझे प्रश्न संपले, म्हणाल्या.

आपल्या तोंडानं आपणच वाटोळं केलं, असं धरून मनकर्णा आठ दिवस धड जेवली नाही. नवव्या दिवशी व्हिसा आला. वत्सलाबाईंनी तो दोनदा वाचून दाखवला, तेव्हा तिचा विश्वास बसला.

तिनं सुग्रीवला फोन लावला. व्हिसा आल्याचं सांगितलं.

“इथं दोनशे गाई हायत,” तो म्हणाला.

“अन् म्हशी?”

“एक बी न्हाई.”

मनकर्णा काळजीत पडली. “मग फॅट कितीचं लागतं?”