आण्णांचा तेहतिसावा गाळा

माझ्या नजरेतून काही सुटत नाही. ही बढाई नाही, न्हावा शेवा बंदरात कस्टम्स क्लिअरिंगचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. चाळीस पानांचे कागद असोत, कंटेनरच्या नंबरातला एक आकडा चुकला असेल तर राजवर्धन शेडगे तो चहा संपायच्या आत काढून दाखवतो. अशा माणसाने नखाएवढी दोन कार्डं ओळखण्यात घोळ घातला, आणि त्यापायी बापाच्या दहाव्याला कावळा शिवेना. कसं झालं ते सांगतो. हसू आलं तर हसा, मला चालेल.

आमचे आण्णा, हौसेराव, मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पस्तीस वर्षं माथाडी होते. रिटायर झाल्यावर दोन वर्षांत लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. मी त्यांना आणि आईला उरणजवळ द्रोणागिरीच्या माझ्या फ्लॅटवर घेऊन आलो. ज्या माणसाने उभ्या जन्मात कधी गप्प बसून भाकरी खाल्ली नाही तो खिडकीत बसून रस्त्यावरचे ट्रेलर मोजायला लागला. संध्याकाळी घरी आलो की मला आकडा सांगायचे. मला ते बघवत नव्हतं.

मग मी तो छोटा कॉम्प्युटर आणला. पत्त्यांच्या जोडाएवढा डबा, टीव्हीच्या मागे चिकटवला की झालं. त्यात कीर्तनं भरली, कुस्त्या भरल्या, जुने सिनेमे भरले. वायफायवर घरात कुठेही बघा. उरलेल्या जागेत आपण लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो ते व्हिडिओ गेम टाकले, म्हणजे माझ्यासाठी. आण्णा कीर्तन लावायला गेले, चुकून रणगाड्याचा गेम लागला, आणि कीर्तनकार जे राहिले ते राहिलेच.

गेम साधा. विटांच्या गल्ल्यांतून रणगाडा फिरवायचा आणि समोरच्याला उडवायचं. रणगाडा वळवायची बटणं रिमोटच्या डावीकडे, तो हात आण्णांचा चांगला होता. गोळीचं बटण उजवीकडे. तो हात नव्हता. म्हणून आई शेजारी खुर्ची घेऊन बसायची. एक रिमोट, दोघांत.

"रंगू, मार," आण्णा म्हणायचे, की आईने गोळी मारायची. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांचं इतक्या पटकन कधी ऐकलं नसेल.

एक लेव्हल पार झाली की आण्णा म्हणायचे, "गाळा फुटला." मार्केटातल्या दुकानाला गाळा म्हणतात, तोच शब्द त्यांनी इथे आणला. आठ महिन्यांत एकतीस गाळे फुटले. प्रत्येक गाळ्याला मार्केटातल्या जुन्या जोडीदाराला, ज्योतिबांना, फोन. खिडकीतले ट्रेलर मोजणं बंद झालं होतं. मी ऑफिसात सगळ्यांना सांगायचो, बाप असा सांभाळावा.

आता माझी अक्कल ऐका. त्या कॉम्प्युटरचं सगळं डोकं एका मेमरी कार्डात असतं. आण्णांचे एकतीस गाळेही त्यातच. मी एक मोठं नवं कार्ड आणलं, त्यावर सगळं नव्याने भरायचं आणि मग आण्णांचा खेळ तिकडे न्यायचा असा बेत. दोन्ही कार्डं काळी, सारखीच. गोंधळ नको म्हणून मी नव्या कार्डावर उज्वलाच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. उज्वला म्हणजे माझी बायको. लाल ठिपका म्हणजे रिकामं, ते खुशाल पुसायचं. बिनठिपक्याचं आण्णांचं, त्याला हात लावायचा नाही. जुनं कार्ड काढून दोन्ही टेबलावर ठेवली आणि आंघोळीला गेलो.

दिवस दसऱ्याचा. आईने पाट मांडला. त्यावर आण्णांचा गोण्या ओढायचा आकडा, माझ्या स्कूटरची चावी, घरातली विळी, आणि "हे बी ह्यांचं अवजारच की आता" म्हणून तो डबा आणि दोन्ही कार्डं. सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. मी नमस्कारही केला.

संध्याकाळी पाटावरून कार्ड उचललं. लाल ठिपका बघितला. लॅपटॉपमध्ये घातलं. स्क्रीनवर विचारलं, सगळं पुसलं जाईल, खात्री आहे? मी हो म्हटलं. मला खात्री कधी नसते?

पुसून, सगळं नव्याने भरून झाल्यावर सहज पाटाकडे नजर गेली. दुसऱ्या कार्डावरही लाल ठिपका होता. मी पहिलं कार्ड काढून ठिपक्यावर नख मारलं, आणि कुंकू नखात आलं. कार्ड परत डब्यात घातलं; गेम होता, पण पहिल्या गाळ्यापासून.

"राजू, लाव की रं," आण्णा पलंगावरून म्हणाले. "बत्तिसावा फोडायचाय."

मी चाळीस वर्षांचा माणूस, दोन पोरांचा बाप. सरळ सांगायला काय झालं होतं? पण तोंडातून तेच वाक्य निघालं जे ऑफिसात गिऱ्हाइकाला रोज सांगतो.

"सर्व्हर डाऊन आहे, आण्णा."

"ह्येला बी सर्व्हर असतो?"

"असतो. दिल्लीला."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. "मग यील की," म्हणाले.

त्या दिवसापासून रोज सकाळी मी बूट घालताना पलंगावरून प्रश्न यायचा, "राजू, आला का रं सर्व्हर?" आणि मी म्हणायचो, "उद्या येईल." संध्याकाळी आलो की रिमोट टीव्हीजवळ तसाच पडलेला. मी बोलायचं म्हणून रोज ठरवायचो आणि जेवून झोपायचो. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

भाऊबीज होऊन तिसरा दिवस. आण्णांनी विचारलं, मी उद्या म्हणालो. दुपारी मी पोर्टच्या गेटवर होतो तेव्हा उज्वलाचा फोन आला. घरी पोचलो तोवर सगळं संपलं होतं. म्हणजे बाप माझ्याशी शेवटचं बोलला ते सर्व्हरबद्दल, आणि मी शेवटचं बोललो ती थाप.

दहाव्याला खाडीकाठच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे भरपूर होते. पण उरणचे कावळे, मासळीवर वाढलेले, ते भातावर कशाला येतात? शेडच्या पत्र्यावर बसून नुसते बघत होते. पाऊण तास झाला. आईचं तोंड उतरत चाललं. ती पुढे होऊन म्हणाली, "माझी काळजी करू नगा." कावळा हलला नाही. उज्वलाने हात जोडून सांगितलं, आईंना मी सांभाळीन. नाही. कुणीतरी तंबाखूची पुडी ठेवली. नाही. भटजींना अकराला पनवेलला दुसरा दहावा होता, ते घड्याळ बघत होते.

आमचे शेजारी देवजीकाका, इथल्या गावचेच, माझ्याजवळ येऊन म्हणाले, "कायतरी र्‍हायलाय रं त्याचा. आठव जरा."

मला आठवायची गरज नव्हती. मी पिंडाजवळ वाकलो आणि पुटपुटलो.

"जोरान सांग," देवजीकाका म्हणाले. "कावला काय तुज्या तोंडाला कान लावून बसलाय?"

मग मी पन्नास माणसांसमोर सरळ उभा राहिलो. "आण्णा, सर्व्हर डाऊन नव्हता. सर्व्हरच नाही त्याला. तुमचे एकतीस गाळे मी पुसले, आणि पंचवीस दिवस तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा." मी रडत होतो.

मागून ज्योतिबांचा आवाज आला, "एकतीस कसे? भाऊबीजेला मला फोन आला व्हता. बत्तिसावा फुटला म्हनला."

मी आईकडे बघितलं. उज्वला पत्र्यावरच्या कावळ्यांकडे बघायला लागली.

"त्येच दिशी कळलं त्यास्नी," आई म्हणाली. "तुझ्या नखाला कुंकू व्हतं. तू हापिसला गेलास की आमी पहिल्यापास्नं खेळाय लागलो. वाटा पाठ व्हत्या, बावीस दिसांत झालं."

"मग रोज सर्व्हर का विचारायचे?"

"तुझं त्वांड बघाय. दार लागलं की हसायचे. ग्येले त्या दिशीबी लई हसले." आईने पदर डोळ्याला लावला. "म्हनले, रंगू, त्येला बोलू नगंस. सांगंल तवा सांगंल."

मला काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. बापाने मला माफ केलं होतं आणि वर माझी मजाही बघून घेतली होती.

आई पिंडाजवळ गेली. "आवं, तेहतिसावा ऱ्हायलाय, व्हय ना? म्या आन राजू फोडतो. शबूद दिला." मागे सरकलीही नव्हती, तोच पत्र्यावरचा एक कावळा उतरला आणि भात घेऊन गेला. भटजी रिक्षाकडे पळाले.

दिवसकार्य उरकल्यावर आईने टीव्हीसमोर दोन खुर्च्या मांडल्या. आण्णांच्या खुर्चीत मी. रणगाडा मी वळवायचा, गोळी तिने मारायची. पहिल्याच वळणावर मी भिंतीत घुसलो आणि आम्ही खलास झालो.

"तुझ्या बापाला एका हातानं जमायचं," आई म्हणाली.

आज तीन महिने झाले. तेहतिसावा गाळा फुटलेला नाही. आई शब्दाची पक्की आहे, रोज संध्याकाळी खुर्च्या मांडते. रोज सकाळी मी बूट घालत असताना खिडकीच्या ग्रिलवर एक कावळा येऊन बसतो. उज्वला म्हणते, चपातीच्या तुकड्यासाठी येतो. आई म्हणते, चौकशीला येतो. तो मान वाकडी करून माझ्याकडे बघतो आणि मी नजर चुकवून लेस बांधत त्याला सांगतो, सर्व्हर डाऊन आहे.