उरलेले मल्ल लवकरच

पूर्ण वस्तू विकणे हा गिऱ्हाइकाच्या कल्पनाशक्तीचा अपमान असतो. 'महामल्ल' हा लढतीचा व्हिडिओ गेम काढणाऱ्या कंपनीने असा अपमान कुणाचा होऊ नये याची पुरेपूर काळजी घेतली होती. बाजारात आला त्या दिवशी गेममध्ये होते ते असे : मल्ल चार (पैकी एक पाठमोरा), आखाडा एक, ललकारी एक आणि 'लवकरच' हा शब्द एकवीस वेळा. ही मोजणी रेणुकाची. ती भौतिकशास्त्राची पदवीधर, म्हणून रत्नागिरीतल्या जिल्हास्तरीय स्पर्धेत तिला पंच नेमले होते. बत्तीसही स्पर्धकांनी गेमचे पैसे महिनाभर आधीच भरले होते. (मोहोर बघून बागा घेणाऱ्या जिल्ह्यात याचे नवल कुणाला?)

भैरव सोडून बाकी मल्लांचे डाव दुसऱ्या हप्त्यात येणार होते, म्हणून सगळ्यांनी भैरवच घेतला. लंगोटाचे रंगही दुसऱ्या हप्त्यात. त्यामुळे सकाळपासून पांढऱ्या लंगोटातला भैरव पांढऱ्या लंगोटातल्या भैरवाला धोपटत होता आणि बघत बसलेले बाकीचे स्पर्धक कमालीचे निःपक्षपाती राहिले होते.

अंतिम फेरीत नाटे गावची तेजस्वी आणि खेडचा नितेश समोरासमोर आले. तेजस्वीने घरी कबूल केले होते : जिंकले तर मुंबईच्या फेरीला जाईन, हरले तर गेमचे नाव काढणार नाही. लढत सुरू झाली, भैरवांनी एकमेकांवरून दोनदा उड्या मारल्या, आणि कोणता कोणाचा हे कळेनासे झाले. त्यांतला एक पडला.

"निजलाय तो तुझा, मेल्या," तेजस्वी म्हणाली.

"माझा उभा हाय. नीट बघ," नितेश म्हणाला.

लढत पुन्हा बघण्याची सोय 'लवकरच' होती. तेव्हा रेणुकाने प्रयोग करायचे ठरवले. लढत परत लावायची, मध्येच एकाने बटणांवरून हात काढायचे. थिजेल तो भैरव त्याचा. तेजस्वीने हात काढले. कुणीच थिजले नाही. नितेशनेही काढले. दोन्ही भैरव आणखी जोमाने लढू लागले. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरे होती, ती रेणुकाने जवळ जाऊन वाचली : 'खेळणाऱ्याचा सहभाग – दुसऱ्या हप्त्यात.'

आधीच्या तीसही लढती गेम स्वतःच खेळला होता, हे तिने माईकवरून जाहीर केले.

"मग माझा अंगठा कशानं सुजला?" उपांत्य फेरीत हरलेल्या गौरवने विचारले. याचे उत्तर भौतिकशास्त्रात नव्हते.

"बाय, उगाच खुसपटं काढू नको," संयोजक अभयदादा म्हणाले. "पोरांनी मेहनत केलीय. खेळव परत."

या खेपेला रेणुकाने तेजस्वीच्या म्हणून ठरलेल्या भैरवावर बोट ठेवले आणि तो उडी मारेल तिकडे बोटही नेले. तेजस्वीने दातओठ खात बटणे बडवली. बोटाखालचा भैरव जिंकला. नितेशने मोठ्या मनाने तिच्या हाताचे कौतुक केले. तेजस्वीने रडतरडत फोन लावला.

"आये, जिंकले गो. शेवटचा डाव कसा पडला, माझा मलाच कळला नाय."

टाळ्या ओसरल्यावर अभयदादांनी विचारले, "दुसऱ्या हप्त्याचे पैसे आजच कोण भरणार? हात वर करा."

मोजायचे काम पंचाकडे आले. दालनात स्पर्धक बत्तीस, संयोजक एक, पंच एक. वर गेलेले हात चौतीस.