शुद्धीवर येणाऱ्यांचे बाजीअण्णा

दुपारी छान झोप लागलेली असावी आणि डोळे उघडताच नाकासमोर कुणाच्या तरी पांढऱ्या मिशा दिसाव्यात, याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. त्यातून मिशा विचारतात, "कुठं गेला हुतास?"

भोरमध्ये माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक फिरकत नाही, तेव्हा मी काउंटरवरच मान टाकतो. शेजारच्या बाजीअण्णांना हे पक्कं ठाऊक आहे. मला जाग यायच्या सुमाराला ते बरोबर येऊन स्टुलावर बसलेले असतात.

"झोपलो होतो, अण्णा."

"ते म्या बगितलं. पर गेला कुठं हुतास?"

"कुठंच नाही. इथंच तर होतो."

"हितं न्हवतास. म्या हाक मारली. हितं असतास तर व्हय म्हनला असतास का न्हाई?"

मी चहा सांगतो.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी खुर्चीत बसायच्या आधी मान वळवून मागे बघतात. हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते नोकरीत असतानाच. एकदा भोरहून महाडला गाडी घेऊन निघाले. वरंध घाट उतरून चहाला थांबले आणि त्यांच्या लक्षात आलं, की आख्खा घाट आपल्याला आठवतच नाही. एक वळणसुद्धा नाही.

"झोप म्हनशील तर डोळं टक्क उगडं," अण्णा सांगतात. "गेअर टाकलं, हॉर्न मारला, समोरनं टेम्पो आला त्येला जागा दिली. कंडक्टर सांगतोय ना! आन् मी तितं न्हाईच. मंग गाडी कोन चालवत हुतं?"

"प्रवाशांना सांगितलंत का हे?"

"येडा का काय! त्याच गाडीनं माघारी यायचं हुतं त्यास्नी."

तेव्हापासून अण्णा शुद्धीवर येणाऱ्या माणसांच्या मागावर असतात. कुणाचं ऑपरेशन झालं की लोक शहाळं घेऊन भेटायला जातात, अण्णा प्रश्न घेऊन जातात. सायकलवाल्या रशीदभाईंनी हर्नियाच्या ऑपरेशननंतर डोळे उघडले, तर समोर अण्णा! "भाई, काय काय दिसलं?" रशीदभाई म्हणाले, "अण्णा, आधी यांना बाहेर काढा कुणीतरी." अण्णांना बाहेर काढायला ते अण्णांनाच सांगत होते, म्हणजे गुंगी पुरती उतरलेली नव्हती.

वेल्ह्याकडच्या एका जत्रेत एका बाईच्या अंगात आलं. लोक देवीला कौल मागत होते. अण्णा मात्र हातात चहाचा कप धरून देवी जायची वाट बघत उभे. बाई भानावर आली तशी यांनी कप पुढं केला आणि विचारलं, "बाय, देवी आली तवा तू कुठं सरकलीस?" बाईनं घोटभर चहा घेतला. म्हणाली, "बाजूलाच बसले हुते. घरात पावनं आल्यावर बसतो तशी." या उत्तरावर अण्णा कितीतरी दिवस खूश होते. एका पिणाऱ्यालाही त्यांनी हेच विचारलं, तर तो म्हणाला, "माजी बायको बी ह्येच इचारती. चला, तुमीच सांगा तिला." आणि अण्णांना हाताला धरून घरी घेऊन गेला.

मंगलकाकूंना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, या सगळ्याचा भारी वैताग. भिंतीपलीकडून मला ऐकवायच्या, "रिटायर मानसं देवळात जात्यात. आमचं ह्ये दवाखान्यात जातंय."

गेल्या उन्हाळ्यात काकूंना उलट्या सुरू झाल्या. ऊन बाधलं असेल म्हणून अंगावर काढलं, आणि मग एक दिवस त्यांनी कुणालाच ओळखलं नाही. आम्ही त्यांना गावातल्याच एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "सोडियम फार खाली गेलंय. हळूहळूच वाढवावं लागतं. भ्रम झालाय, तो उतरायला हवा. तुम्ही हाका मारत राहा, बोलत राहा." उतरेलच असं काही ते म्हणाले नाहीत.

सगळे हाका मारायला लागले. कुणी "मंगलकाकू", कुणी "मंगलमावशी". नर्स "मंगलबाई, ओ मंगलबाई" करून दमली. काकू पंख्याकडे बघून पुटपुटत होत्या, "आये, शेळी सुटली बग. वड्याकडं गेली."

अण्णा तेवढे गप्प. जन्मभर परक्या माणसांच्या उशाशी बसून चौकशा केल्या, आणि स्वतःच्या बायकोला एक हाक मारवेना? मला त्यांचा रागच आला. "अण्णा, बोला की काहीतरी!"

"थांब," ते म्हणाले. कान काकूंच्या ओठांपाशी होता. "ही कामथडीला हाय."

कामथडी काकूंचं माहेर. आईवडील, भाऊ सगळे कधीच गेले. तिथं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

"लगनाच्या आदीच्या कामथडीला गेलीया," अण्णा म्हणाले. "शेळ्या राखतीया. आन् तुमी समदी मंगल मंगल करताय. तितं मंगल कुनाला ठावं? मंगल तर म्या ठिवलं."

आपल्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. त्या दिवसापासून जुनं नाव माहेरीच राहतं. नवऱ्यानं ते उच्चारायचा प्रश्नच येत नाही. अण्णांनी तर नवंही याआधी कधी उच्चारलं नव्हतं, त्यांचं आपलं "अगं" वर भागत होतं.

त्यांनी नर्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आख्खा स्टँड दणाणून सोडणारा माणूस, पण लाजेनं कानापर्यंत लाल झाला. खाली वाकून हळूच म्हणाले, "शेवंता."

काही नाही.

मग अण्णा सरळ उभे राहिले आणि शेताच्या बांधावरून मारतात तशी हाक मारली, "ए शेवंतेऽऽ!" शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला.

काकूंनी मान वळवली. "आले, आले," म्हणाल्या.

सोडियम तोवर बरंच वर आलं होतं, असं डॉक्टरांनी मागाहून सांगितलं. असेलही. डॉक्टरांशी वाद घालण्याइतकं माझं शिक्षण नाही. पण मी तिथं होतो.

काकू कुणाला तरी शोधत होत्या. "माहेराहून कोन आलंय?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मी हाय गं. मीच आलोय."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. बघता बघता त्यांनी दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर चाचपला, आणि माझ्या जिवात जीव आला.

"मंग बसा की," त्या म्हणाल्या. "उभं का?"

अण्णा खाटेच्या कडेला बसले आणि आम्हा सगळ्यांदेखत रडले.